पश्चिमेस समुद्र

टेपचं एक टोक इंजिनिअर बाईंच्या मुठीत,
दुसरं माझ्या,
आणि मी गुडघाभर पाण्यात.

कायदा म्हणतो, भरती जिथे थांबते
तिथून वीस मीटर विकायचे नाहीत.
ते कुणाचेच नाहीत, म्हणजे सगळ्यांचे.
आता भरती थांबते कुठे,
हे दाखवायला रोजावर माणूस लागतो.
तो मी. अबुन्दिओ.

आज सहा नंबरची व्हिला.
घेणार हाल्वर्सन बाई, कॅनडाच्या,
नवरा गेल्यावर गव्हाचं शेत विकून आलेल्या.
सँडलमध्ये मोजे. छातीशी मसुदा.
नोटरीचा कारकून घाम पुसत चतुःसीमा वाचतो:
पूर्वेस रस्ता,
उत्तरेस पाच नंबर,
दक्षिणेस ओढा, कोरडा,
पश्चिमेस समुद्र.

मग घसा खाकरून म्हणतो,
"किनाऱ्याच्या जमिनीला परक्या माणसाचं नाव लागत नाही.
नाव बँकेचं लागेल, पन्नास वर्षं.
राहायचं तुम्ही, रंगवायचं तुम्ही, विकायचं तुम्ही.
नाव तेवढं बँकेचं."
बाई हसल्या.
"आमचं शेत असंच होतं," म्हणाल्या,
"चाळीस वर्षं पेरलं दोघांनी.
नाव त्याचं."

सहा नंबर माझ्या बापाच्या वाट्याचा,
गावाच्या सामाईक जमिनीतला.
त्याने तो एका पिकअपला दिला.
पिकअप तीन वर्षं चालली,
आता तिच्यात कोंबड्या बसतात.
अंडी बरी देतात,
अगदीच फसलो असं म्हणवत नाही.

"कुठे?" इंजिनिअर बाई वरून ओरडतात.
त्यांना एक आकडा हवा असतो,
आणि समुद्राला आकड्यात बोलायची सवय नाही.
एक लाट माझ्या पोटऱ्यांशी विझते,
दुसरी हातभर पुढे जाते,
तिसरी येते येते म्हणते
आणि येतच नाही.

वर, व्हिलाच्या ओट्यापुढे, बदामाचं झाड.
त्याच्या सावलीत जाळी शिवतात,
निकानोरा शहाळी विकते,
दुपारी दोन कुत्री आणि एक पोलीस झोपतो.
नकाशात मात्र
झाडाला वळसा घालून कुंपणाची भिंत येते.

मी दोन पावलं वर सरकलो.

खोटं नाही केलं. डिसेंबरात पाणी इथवर येतं.
मी नऊ वर्षांचा असताना जे वादळ आलं
त्यात तर ते चर्चच्या पायरीला लागलं होतं.
तिथे जाऊन उभा राहिलो असतो
तर अकराच्या अकरा व्हिला
सगळ्यांच्या झाल्या असत्या.
मी दोनच पावलं सरकलो.

"इथे!"
इंजिनिअर बाईंनी टेप ताणला, आकडा लिहिला,
हातोडीने खुंटी ठोकली.
झाड खुंटीच्या या बाजूला आलं,
सावलीसकट.

हाल्वर्सन बाई खाली उतरल्या.
वाळूत माझी दोन पावलं अजून ओली होती.
त्यांनी ती पाहिली, मग मला पाहिलं.
शेतातल्या बाईला
बांध सरकलेला कळतो.

"झाड बाहेर गेलं?"
"गेलं."
"मग त्याची पानं कुणी झाडायची?"
मला उत्तर सुचेना.
"वारा असतो," म्हणालो.

खुंटीवर हात ठेवून त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या,
मग कारकुनाच्या पाठीवर कागद टेकवून
तीन ठिकाणी सही केली.
मसुद्यात पश्चिमेस तेच राहिलं. समुद्र.
फक्त जरा जवळ आलेला.

संध्याकाळी त्या झाडाखाली आल्या,
मोजे काढून, सँडल हातात घेऊन,
आणि बोटाने शहाळं दाखवून भाव विचारला.
निकानोराने कोयता खाली ठेवला,
त्यांना पायांपासून केसांपर्यंत एकदा पाहून घेतलं.

भाव दोन आहेत,
एक गावाचा, एक व्हिलांचा.
कोणता सांगते ते ऐकायला
मी टेप गुंडाळत
जरा रेंगाळलो.